खुर्चीपर्यंतची चार पावलं

वरून भारत कसा दिसतो, या इंदिरा गांधींच्या प्रश्नाला राकेश शर्मांनी दिलेलं उत्तर माहीत नाही असा माणूस आपल्याकडे सापडणं कठीण. ही एप्रिल १९८४ मधली गोष्ट. ‘साल्यूत-७’ या सोव्हिएत अंतराळस्थानकावर तेव्हा सहा माणसं होती. शर्मा, त्यांच्याबरोबर गेलेले मालिशेव्ह आणि स्त्रेकालोव्ह, आणि फेब्रुवारीपासूनच तिथं मुक्काम ठोकून असलेले किझिम, सोलोव्योव्ह आणि आत्कोव्ह. यातल्या शेवटच्या नावाकडे आपल्यापैकी कुणी लक्ष दिलं असेल असं वाटत नाही. ओलेग आत्कोव्ह वैमानिक नव्हते, इंजिनिअरही नव्हते. ते हृदयरोगतज्ज्ञ होते.

शर्मा आठवडाभरानं खाली आले. वजनरहित अवस्थेत योगासनांचा शरीराला काही उपयोग होतो का, हा त्यांच्याकडे सोपवलेला एक प्रयोग होता आणि त्याची आपल्याकडे बरीच चर्चाही झाली. आत्कोव्ह मात्र ऑक्टोबरपर्यंत वरच होते, तब्बल २३७ दिवस. हृदयाचं चित्र दाखवणारं छोटं अल्ट्रासाउंड यंत्र त्यांनी सोबत नेलं होतं. त्यावर ते सहकाऱ्यांची हृदयं तपासत आणि स्वतःचंही.

आत्कोव्ह यांचा चमू ऐन वेळी काही कारणानं अडला असता, तर राखीव चमू उडाला असता. त्यातही एक डॉक्टर होता. बेचाळिशीला टेकलेल्या त्या गृहस्थांची अंतराळवीर म्हणून निवड झाली होती १९७२ मध्ये. म्हणजे बारा वर्षं ते सगळी तयारी करून दारात उभे होते. वालेरी पोल्याकोव्ह त्यांचं नाव. सलग मुक्कामाचा जो विक्रम त्यांनी पुढे केला, तो आजही त्यांच्याच नावावर आहे. पण मला विक्रमापेक्षा त्यांच्या थांबण्याची आणि परतण्याची हकीकत जास्त मोलाची वाटते.

पोल्याकोव्ह मॉस्कोच्या दक्षिणेच्या तुला शहरातले. जन्म २७ एप्रिल १९४२ चा, ऐन महायुद्धातला. जन्मनाव वालेरी इवानोविच कोर्शुनोव्ह. १९५७ मध्ये सावत्र वडिलांनी त्यांना रीतसर दत्तक घेतलं आणि ते पोल्याकोव्ह झाले. त्याच वर्षी स्पुतनिक उडाला. शाळा संपवून ते मॉस्कोच्या सेचेनोव्ह वैद्यकीय संस्थेत दाखल झाले. तिथं शिकत असताना, ऑक्टोबर १९६४ मध्ये, ‘व्होस्खोद-१’ यानातून पहिला डॉक्टर अंतराळात गेला.

बोरिस येगोरोव्ह हे त्या डॉक्टरांचं नाव. वय अवघं २६. ते यान म्हणजे सोव्हिएत घाईचा नमुना होता. मुळात एका माणसासाठी बांधलेल्या कुपीत तिघांना कोंबलं होतं, आणि जागा पुरेना म्हणून तिघांचेही अंतराळपोशाख काढून टाकले होते. एक दिवसाच्या त्या फेरीत वैद्यकशास्त्राला फार काही गवसलं, असं म्हणता येणार नाही. अमेरिकेआधी तीन माणसं वर पाठवायची, हा खरा हेतू. उड्डाणानंतर ज्या सोव्हिएत नेत्याशी, ख्रुश्चेव्ह यांच्याशी, त्यांचं बोलणं झालं होतं, ते हे तिघं लाल चौकातल्या सत्काराला पोचेपर्यंत सत्तेवरून गेलेले होते. तरी त्या फेरीचा एक परिणाम नक्की झाला. डॉक्टरलाही वर जाता येतं हे बावीस वर्षांच्या पोल्याकोव्ह यांनी पाहिलं आणि आपली वाट ठरवून टाकली.

वाट ठरली, पण ती लांबणार होती. त्याला कारणं दोन, आणि दोन्ही सांगायला हवीत.

पहिलं कारण डॉक्टरांच्या बाजूचं होतं. जून १९७० मध्ये निकोलायेव्ह आणि सेवास्त्यानोव्ह ‘सोयूझ-९’ मध्ये जवळपास अठरा दिवस राहून परतले. यान नीट उतरलं, माणसं जिवंत होती, शुद्धीवर होती. पण त्यांना उभं राहता येईना. आधार देऊनच बाहेर काढावं लागलं. स्वतःच्या हातापायांचं ओझं झाल्यासारखी त्यांची अवस्था होती आणि सावरायला बरेच दिवस गेले. मॉस्कोतल्या जैववैद्यकीय समस्या संस्थेत, जी १९६३ मध्ये खास याच कामासाठी उभी राहिली होती, तिथं या घटनेची मोठीच धास्ती घेतली गेली. अठरा दिवसांत ही गत, तर मंगळाचं नाव कोण काढणार? तिकडे जायलाच आठ-नऊ महिने. शिवाय तिथं उतरल्यावर उचलायला कुणी उभं नसणार.

दुसरं कारण डॉक्टरांच्या विरोधात गेलं. जून १९७१ मध्ये ‘सोयूझ-११’ परतताना एक झडप वेळेआधी उघडली, कुपीतली हवा निघून गेली आणि दोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह, पात्सायेव्ह हे तिघंही मरण पावले. पोशाख असते तर ते वाचले असते. त्यानंतर पोशाख सक्तीचे झाले, आणि पोशाख घातलेली माणसं त्या यानात दोनच मावत. तिसरी जागा गेली. एक वैमानिक, एक इंजिनिअर, झालं. पोल्याकोव्ह यांची निवड झाली ती याच्या पुढच्याच वर्षी. ज्या जागेसाठी त्यांना निवडलं, ती जागाच यानात उरलेली नव्हती! ती परत यायला १९८० साल उजाडलं. नोव्हेंबरात ‘सोयूझ टी-३’ तीन माणसांना घेऊन उडालं, तेव्हाही पोल्याकोव्ह राखीव चमूतच होते.

अमेरिकेत तोवर जोसेफ कर्विन हे नौदलातले डॉक्टर १९७३ मध्ये ‘स्कायलॅब’वर २८ दिवस राहून आले होते. तिथं त्यांच्या वाट्याला डॉक्टरकीपेक्षा सुतारकी जास्त आली. अडकलेला सौर पंखा मोकळा करायला त्यांना सहकारी कॉनरॅड यांच्याबरोबर यानाबाहेर जावं लागलं.

आत्कोव्ह यांच्या मुक्कामानंतर डॉक्टरची गरज पटवायला वाद घालावा लागला नाही, घटनाच घडत गेल्या. १९८५ मध्ये साल्यूतवर वास्यूतिन आजारी पडले, ताप हटेना. वर डॉक्टर नव्हता. कित्येक महिन्यांची मोहीम दोन महिन्यांत गुंडाळून सगळ्यांना खाली आणावं लागलं. हेच वास्यूतिन १९८४ च्या राखीव चमूत पोल्याकोव्ह यांचे कमांडर होते. मग १९८७ मध्ये ‘मीर’ या नव्या स्थानकावर लाव्हेय्किन यांच्या हृदयाच्या आलेखात गडबड दिसली आणि त्यांनाही मुक्काम अर्धवट सोडायला लावून परत आणलं. खाली तपासलं तर माणूस ठणठणीत. शेकडो किलोमीटरवरून आलेख वाचणं आणि शेजारी बसून नाडी धरणं यात फरक असतो, हे कुठल्याही गावातला डॉक्टर सांगेल.

२९ ऑगस्ट १९८८ ला पोल्याकोव्ह उडाले. निवड होऊन सोळा वर्षं झाली होती, वय ४६. बरोबर कमांडर ल्याखोव्ह आणि अफगाण वैमानिक अब्दुल अहद मोहमंद. राजकारण उघड होतं. अफगाणिस्तानातून लाल सेना काढता पाय घेत होती आणि जाता जाता मैत्रीचं एक छायाचित्र हवं होतं. आठवडाभरानं ल्याखोव्ह आणि मोहमंद परतायला निघाले, पोल्याकोव्ह वरच राहिले. आधी दिशा दाखवणाऱ्या उपकरणाचा घोळ झाला, मग संगणकाचा. शौचालय असलेला भाग आधीच सुटा करून टाकलेला. एका मोटारीच्या पोटाएवढ्या जागेत ते दोघं एक दिवस अडकले, पण अखेर सुखरूप उतरले. त्या यानात इंजिनिअर का नव्हता? इंजिनिअरची खुर्ची डॉक्टरला दिली होती म्हणून. डॉक्टर वर पाठवण्याचीही किंमत होती, एवढंच मला म्हणायचं आहे. उत्सवी लेखांमध्ये ती कुणी मोजत नाही.

मीरवर तेव्हा तितोव्ह आणि मनारोव्ह हे दोघं सलग एक वर्ष राहण्याच्या बेतानं होते. माणसाचं शरीर एवढा काळ कसं टिकतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या शेवटच्या चार महिन्यांत डॉक्टर सोबतीला होता तो याचसाठी. डिसेंबरात ते दोघं वर्ष पुरं करून उतरले. पोल्याकोव्ह पुढेही राहिले आणि २७ एप्रिल १९८९ ला, स्वतःच्या सत्तेचाळिसाव्या वाढदिवशी, २४० दिवसांनी खाली आले. त्यांच्या पायांखालून मोहमंद यांचा देश रोज फिरत होता, आणि त्यातूनच फेब्रुवारीत शेवटचा सोव्हिएत सैनिक निघून गेला.

इथवर पोल्याकोव्ह दुसऱ्यांचे डॉक्टर होते. पुढच्या खेपेला त्यांनी रुग्ण निवडला तो स्वतः.

त्या दोन खेपांमध्ये देश बदलला. सोव्हिएत संघ मोडला. पैसा आटला. बैकोनूरचा तळ परक्या कझाकस्तानात गेला आणि रशियाला तो भाड्यानं घेण्याची वेळ आली. मंगळाची भाषा करणारं कुणी उरलं नव्हतं. अशा दिवसांत जैववैद्यकीय संस्थेतला एक वरिष्ठ अधिकारी, पन्नाशी ओलांडलेला, म्हणतो की मी मंगळाच्या प्रवासाएवढा काळ वर राहून दाखवतो. हे धाडस म्हणावं की हट्ट? मला वाटतं, तो एका डॉक्टरचा न सुटलेला प्रश्न होता. संस्थेनं जमिनीवर त्या प्रश्नाचा बराच पाठपुरावा केला होता. १९८६-८७ मध्ये स्वयंसेवकांना डोक्याकडून किंचित उतरत्या खाटांवर ३७० दिवस निजवून ठेवलं होतं, वजनरहित अवस्थेची नक्कल म्हणून. पण खाट ती खाटच.

८ जानेवारी १९९४ ला अफानास्येव्ह आणि उसाचोव्ह यांच्यासोबत पोल्याकोव्ह पुन्हा उडाले. मीरवर पोचून आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात परतीला निघालेलं जुनं ‘सोयूझ’ फोटो घेताना स्थानकाला घासून गेलं. ऑगस्टच्या अखेरीस मालवाहू ‘प्रोग्रेस’ येऊन धडकलं. ते शेवटी मालेन्चेन्को यांनी आतून पडद्यावर बघत हातानं जोडून घेतलं. अन्न त्यातूनच येणार होतं. सहकारी येत होते, जात होते. अफानास्येव्ह-उसाचोव्ह गेले, मालेन्चेन्को-मुसाबायेव्ह आले, तेही गेले, व्हिक्तोरेन्को आणि येलेना कोन्दाकोव्हा आले, महिनाभर जर्मन शास्त्रज्ञ उल्फ मेरबोल्ड पाहुणे होते. घर तेच, बिऱ्हाडं बदलत गेली. पोल्याकोव्ह मात्र घरमालकासारखे तिथंच.

वर शरीराचं काय होतं? गुरुत्वाकर्षणाची सवय असलेलं रक्त आणि पाणी वर सरकतं. चेहरा सुजतो, नाक चोंदतं, पाय काटकुळे होतात. हृदयाला वाटतं पाणी फार झालं, म्हणून शरीर ते टाकून देतं. हाडांवर भार नाही, तर त्यांना मजबूत राहण्याचं कारण नाही. कमरेचं हाड महिन्याला शेकडा एकाहून जास्त झिजतं. स्नायू तर बिनकामाच्या नोकरासारखे रजेवर जातात. वर असेपर्यंत यातलं काहीच दुखत नाही आणि म्हणूनच ते घातक. बिल येतं ते जमिनीवर.

त्यावर रशियनांचा उपाय होता दिनक्रमाचा. रबरी पट्ट्यांनी स्वतःला खाली ओढून धरत धावपट्टीवर पळायचं, सायकल मारायची, रोज सुमारे दोन तास. दिवसभर ‘पेंग्विन’ नावाचा पोशाख घालायचा. त्यात लवचिक पट्टे शिवलेले असतात, सरळ राहायलाही स्नायूंना झगडावं लागतं. परतीच्या आधी ‘चिबिस’ नावाच्या विजारीत उभं राहायचं. ती आतली हवा खेचून रक्त पायांकडे ओढते. शेवटी मीठपाणी प्यायचं, गमावलेलं पाणी भरून काढायला. ज्याला तालीम ठाऊक आहे त्याला हे ऐकून नवल वाटणार नाही. नवल आहे ते चौदा महिने न चुकण्याचं. घरी दंड-बैठकांचा संकल्प जानेवारीत करून फेब्रुवारीत सोडणारे आपण. माझा तर तोही टिकत नाही.

मनाचंही मोजमाप चालू होतं. संगणकावरच्या ठरावीक चाचण्या ते वेळोवेळी देत, मनःस्थिती नोंदवत. जर्मन मानसशास्त्रज्ञांनी नंतर त्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसलं की वर गेल्यावरचे पहिले तीन आठवडे आणि परतल्यावरचे पहिले दोन आठवडे जड गेले. मधला वर्षभराचा काळ बराचसा सपाट. म्हणजे माणूस वर रमला होता. त्रास दिला तो दोन उंबरठ्यांनी. परगावी नोकरी केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

१२ सप्टेंबर १९९४ ला मॉस्कोत बोरिस येगोरोव्ह वारले. ज्यांच्यामुळे पोल्याकोव्ह या वाटेला लागले, ते पहिले डॉक्टर-अंतराळवीर गेले तेव्हा पोल्याकोव्ह पृथ्वीभोवती फिरत होते, आठ महिने पुरे करून. जानेवारीत तितोव्ह-मनारोव्ह यांचा वर्षाचा विक्रम मागे पडला. आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये अमेरिकेचं ‘डिस्कव्हरी’ हे शटल मीरपासून अकरा मीटरवर येऊन थांबलं. शटल आणि मीर इतक्या जवळ आल्याची ती पहिली वेळ. शटलमध्ये बसले होते तेच व्लादिमिर तितोव्ह, ज्यांचा रक्तदाब पोल्याकोव्ह यांनी सहा वर्षांपूर्वी याच स्थानकावर मोजला होता. त्या भेटीचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. मीरच्या एका गोल खिडकीतून पोल्याकोव्ह बाहेर बघताहेत. रेल्वेच्या डब्यातून फलाट न्याहाळणारा, फार दिवस प्रवासात असलेला माणूस दिसतो तसे.

मार्चच्या मध्याला बदलीचा चमू आला. त्यात स्त्रेकालोव्ह होते, शर्मांबरोबर गेलेले तेच, आणि नॉर्मन थॅगार्ड, रशियन यानातून उडालेले पहिले अमेरिकी. थॅगार्डही डॉक्टर! व्हिएतनामात लढाऊ विमानं चालवून मग वैद्यकशास्त्र शिकलेले. अशा रीतीनं आठवडाभर मीरवर दोन महासत्तांचे दोन डॉक्टर एकत्र होते, एक निघायच्या तयारीत, दुसरा बॅगा सोडत. थॅगार्डना पुढचे चार महिने सोपे गेले नाहीत. एकटेपणा जाणवला, वजन आठेक किलो उतरलं. पोल्याकोव्ह यांचं उदाहरण नियम होऊ शकत नाही, याचा पहिला पुरावा त्यांच्याच जागी आलेल्या डॉक्टरनं दिला.

२२ मार्च १९९५. कझाकस्तानच्या माळरानावर कुपी उतरली. मुक्काम भरला होता ४३७ दिवस आणि सुमारे १८ तास. पृथ्वीभोवती सात हजारांवर फेऱ्या. रिवाज असा की परतलेल्याला उचलून खुर्चीत ठेवायचं, पांघरूण घालायचं, डॉक्टरांच्या हवाली करायचं. पोल्याकोव्ह यांनी उचलू दिलं नाही. ते कुपीतून उतरले आणि जवळच मांडलेल्या खुर्चीपर्यंत चालत गेले. मंगळावर उतरणाऱ्याला उचलणारं कुणी नसेल, तर त्याला स्वतःच्या पायांनी चालता येईल का, या प्रश्नाला त्यांचं हे उत्तर होतं. ‘सोयूझ-९’ च्या दोघांना आधार देऊन काढलं त्याला पंचवीस वर्षं होत आली होती. ती पंचवीस वर्षं त्या चार पावलांत होती. खुर्चीत बसल्यावर त्यांनी शेजारच्या मित्राची सिगारेट लांबवली आणि ब्रँडीचा घोट घेतला, अशीही नोंद आहे. चौदा महिने शरीराची एवढी निगा राखलेल्या डॉक्टरचा हा पहिला पथ्यभंग मला मनापासून आवडतो.

आता थोडं खडूसपणे. एका माणसाच्या अनुभवावरून शास्त्र सिद्ध होत नाही. तो माणूस त्याच विषयाचा तज्ज्ञ, कमालीचा शिस्तीचा, आणि यश मिळावं अशी मनापासून इच्छा असलेला. असा रुग्ण कुठल्या डॉक्टरला मिळतो? मीर पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या आत फिरत होतं, मंगळाच्या वाटेवरचा किरणोत्सर्ग तिथं नव्हता. खाली यायचं म्हटलं तर यान दाराशी बांधलेलं होतं. मंगळाचा प्रश्न पोल्याकोव्ह यांनी सोडवला असं म्हणणं म्हणूनच धाडसाचं. त्यांनी सोडवला तो एक भाग: वजनरहित अवस्थेनं माणूस मोडतोच असं नाही. पण तो भाग त्यांच्याआधी कुणीही सोडवला नव्हता, आणि स्वतःला टेबलावर झोपवल्याशिवाय तो सुटणारही नव्हता.

त्याच वर्षी त्यांनी अंतराळवीराचं काम सोडलं. सोव्हिएत संघाचा वीर हा किताब पहिल्या फेरीनंतर मिळाला होता, रशियाचा वीर हा दुसऱ्या फेरीनंतर; दोन देशांचे दोन किताब, माणूस एक. उरलेली वर्षं त्यांनी जैववैद्यकीय संस्थेतच काढली, पुढच्यांची शरीरं तपासत.

त्यांच्या निधनाची बातमी १९ सप्टेंबर २०२२ ला आली. वय ८० होतं. दोनच दिवसांनी, २१ सप्टेंबरला, बैकोनूरहून एक सोयूझ उडालं. त्यात फ्रँक रुबिओ नावाचे अमेरिकी अंतराळवीर होते, लष्करातले डॉक्टर. सहा महिन्यांनी परतायचं होतं, पण डिसेंबरात यानातलं शीतक द्रव्य गळून गेलं, दुसरं यान रिकामं पाठवावं लागलं आणि मुक्काम वाढत वाढत सप्टेंबर २०२३ पर्यंत गेला. सलग वर्षाहून जास्त राहिलेले ते पहिले अमेरिकी. त्यांचे दिवस भरले ३७१. पोल्याकोव्ह यांच्यापेक्षा ६६ कमी.